तुटक दोन रेघा

मोजणी खात्यात मी एकतीस वर्षं साखळी ओढली.
गावनकाशावर पाणंद म्हणजे तुटक दोन रेघा,
शेजारी चालणाऱ्या, एकमेकींना न शिवणाऱ्या,
अबोला धरलेल्या जावांसारख्या.
तेव्हा त्यांच्यावरून नुसती पेन्सिल फिरवली.
आता सायकल फिरवतो.

कोल्हा पाटीवर उसाचे ट्रॅक्टर,
दोन-दोन ट्रॉल्या, टपावर भोंगा.
तिथून पावणेदोनशे पावलं आत या,
कालव्याचा भराव चढा, आणि आवाज संपतो.
एकदम नाही. आधी भोंगा जातो, मग हॉर्न,
मग आपल्याच कानात राहिलेला हॉर्न.
उरतो चाकाखालचा मुरूम,
जात्यात जाडंभरडं पडावं तसा.

मुख्तार पुढं असतो. मानवतला त्याचं पंक्चरचं दुकान.
माझ्या जुन्या सायकलीला त्यानं रुंद टायर बसवले,
मडगार्ड वाकवून जागा केली, म्हणाला,
"साहेब, कालव्यावर हवा कमीच ठेवा.
गच्च भरलेलं चाक लई उड्या मारतं."
त्यानंतर बारा किलोमीटर तो बोलला नाही.

पौषातली सकाळ. पाळी अजून सुटलेली नाही,
कालव्याच्या तळाला हिरवट ओल, तिच्यात बगळे.
डाव्या हाताला ज्वारी पोटरीत आलेली,
उजव्या हाताला करडई, पोटऱ्या ओरबाडणारी.
किलोमीटरच्या दगडावर कुणीतरी
आकड्याच्या जागी गोवऱ्या थापल्यात.
म्हणजे आपण किती आलो
ते शेणाला माहीत.

मग तिसऱ्या चारीपाशी पाणंद धरली.
दोन्हीकडं बाभळी, मधे गाडीची चाकोरी,
चाकोरीत मऊ फुफाटा, फुफाट्यात
सरड्याच्या शेपटीची सरळ रेघ.
अर्धा कोस असं सुख.
आणि समोर तूर.
वाट वळली नाही, फुटली नाही. तुरीत शिरली आणि संपली.

मी पिशवीतून नकाशा काढला.
नकाशा म्हणाला, चला, रस्ता आहे.
तूर काहीच म्हणाली नाही.

बांधावरून एक म्हातारी उठली, हातात विळा.
"कुठं जायलाव?"
"पलीकडं. रस्ता होता ना इथं?"
"व्हता की. दर साली एक तास खाल्लं आमच्या मालकानं.
मालक गेले. रस्ता पोटातच ऱ्हायला."
मग डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघत राहिली.
"तुम्ही ते साखळीवाले नव्हं? लिंबाखाली जेवलेले?"

जेवलो होतो. पिठलं, ठेचा, वर ताक.
हात धुऊन पंचनाम्यात लिहिलं होतं,
माझ्याच वळणदार अक्षरात:
सदर ठिकाणी वहिवाट आढळून येत नाही.

मुख्तारनं मान फिरवून चेनला उगाच तेल दिलं.

"हो," म्हणालो. "मीच."
वाटलं, आता विळ्यासारखं काही बोलेल.
"सायकली खांद्यावर घ्या," ती म्हणाली,
"शेंगा पडू देऊ नका."
आणि पुढं निघाली, दोन्ही हातांनी तूर बाजूला सारत.
ती जात होती तेवढीच वाट होत होती,
एका बाईच्या रुंदीची,
आणि आमच्या मागं पुन्हा मिटत होती.
मी सवयीनं पावलं मोजली. चौऱ्याऐंशी.
खांद्यावर हँडल रुतत होतं. ते बरं वाटत होतं.

पलीकडं मुरूम पुन्हा सुरू झाला, जणू काही झालंच नव्हतं.
नाव विचारलं. केवळाबाई.
आडनाव विचारायच्या आत ती तुरीत दिसेनाशी झाली.

घरी येऊन टेबलावर नकाशा पसरला,
खोडरबर हातात घेतलं, बराच वेळ धरून बसलो.
शेवटी खोडलं काहीच नाही.
दोन रेघांच्या मधे, जिथं अंतर जेमतेम
पेन्सिलीच्या टोकाएवढं, तिथं बारीक लिहिलं:
येथे सायकल उचलावी. विचारून जावे.

मागच्या चाकात करडईचा काटा निघाला.
मुख्तारनं पैसे घेतले नाहीत,
तो काटा मात्र
माझ्या तळहातावर ठेवला.