शेरा

सहाला फोन : कोयना माजावर आलीय, या लवकर.
मोटारसायकलला बांधलेलं नायट्रोजनचं भांडं
वडणग्याच्या खड्ड्यांत डुचमळतं.
आत, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर,
साठ-सत्तर रेडे उभे.
पिंजरातल्या काडीएवढाले.

त्यातला एक आठ वर्षांपूर्वी मेला. हरयाणात, पोट फुगून.
त्याचीच कांडी मी चिमट्यानं वर काढतो,
कोमट पाण्यात धरतो,
मनात पंचेचाळीस मोजतो.

"ह्यो कुठला?" मालूबाई जासूद विचारते.
मुऱ्हा. आईचं दूध वेताला तीन हजार सहाशे लिटर.
फॅट साडेसात.
"आन् शिंगं?"
वळलेली, मावशी. जिलबीसारखी.
"मग नगं. कोयनेची बघ की, पार खांद्यामागं गेल्यात.
पाडव्याला मोरपीस काय जिलबीला बांधू?"

गोठ्याच्या दारातून भाचा, धैर्यशील :
"आत्ते, शिंगं पिळून दूध निघतंय व्हय?"

दोघंही माझ्याकडं बघतात.
माझा हात खांद्यापर्यंत मोज्यात, कोयनेच्या आत.
अशा वेळी माणसानं मत देऊ नये.

दहा महिन्यांनी रेडी झाली.
कानात पिवळा बिल्ला, बारा आकडी.
मालूबाईनं वर्षभर नाव ठेवलं नाही,
मग बिल्ल्यावरनंच हाक मारायला लागली :
ये गं, सत्त्याहत्तर.

शिंगं आधी आईसारखी मागं गेली
आणि अर्ध्यात विचार बदलून वळली.

दूध अकरा लिटर. कोयनेचं सात.
पण कोयना गंगावेशीत, कट्ट्यावर,
बसच्या भोंग्यात, गिऱ्हाइकाच्या तांब्यासमोर
डोळे मिटून पान्हा सोडायची.
सत्त्याहत्तर चोरते.
घरात, अंधारात, मालूबाईनं मानेखाली खाजवलं तरच.

माझ्या नोंदवहीत रकाने आहेत :
वळू क्रमांक, रेतन तारीख, उलटली का, वेत, दूध, फॅट.
शेवटी बोटभर जागा, शेरा.
तिथं मी एकदा लिहिलं : हाकेला येते.
संघाच्या साहेबांनी लाल पेनानं खोडलं,
म्हणाले, हे पुढच्या पिढीत उतरतं
याला पुरावा काय?

खरंच, पुरावा नाही.

पाडव्याला मी गर्दीत होतो. भांड्यासकट,
कारण माजाला सण नसतो.
धैर्यशीलची गाडी फटफटत गेली, पुंगळी काढलेली,
मागं सत्त्याहत्तर, अंगाला तेल,
त्या अर्धवट शिंगांना कशीबशी तगलेली मोरपिसं.
मालूबाई कुणीतरी आणलेल्या खुर्चीवर उभी, ओरडत.

परत येताना ती माझ्या गाडीपाशी थांबली.
झाकणावरची गार वाफ
दोनदा हुंगली.

आत तिच्या बापाच्या चार कांड्या उरल्या होत्या.
तिला त्या चालत नाहीत. तसा नियम आहे.
मी झाकण घट्ट केलं
आणि तिच्या कपाळावरचा गुलाल
हाताला लागला तो तसाच राहू दिला.