दोरीच्या अलीकडून

बुधवारी कवायत नसते, नुसते खेळ.
विंटनच्या जत्रेच्या मैदानामागे
दोन दिवे, त्यातला एक मिचमिचा,
आणि जुलैची थंडी. ती इथे दक्षिणेकडून येते,
वाटेत बर्फाला हात लावून.

माझ्याकडे वही, पेन्सिल, स्टॉपवॉच.
गुडघा गेल्यापासून मी धावत नाही,
माझी म्हातारी कुत्री गाडीत घोरते
आणि मी इतरांचे सेकंद मोजते.

आज जुगार.
नियम दर वेळी सांगावे लागतात, कारण
नोएलीनला ते दर वेळी नव्याने पटत नाहीत:
आधी चाळीस सेकंद हवं तसं हिंडा,
उडीचा एक गुण, बोगद्याचे तीन, फळीचे पाच.
मग शिट्टी. मग ही दोरी,
गवताचे गठ्ठे बांधायची निळी सुतळी, आडवी टाकलेली.
माणसाने अलीकडे राहायचं.
कुत्र्याने पलीकडे जायचं, एकट्याने:
उडी, उडी, बोगदा, आणि परत.
हाक जाऊ शकते. हात जाऊ शकतो.
बूट नाही.

नोएलीनचा टेरियर मधल्या उडीवर मुतला.
त्याला गुण शून्य, टाळ्या भरपूर.
लॅक्लनची कॉली इतकी चोख पळाली
की बघण्यासारखं काही उरलंच नाही.
तिला बक्षीस: एक स्वीड, डोक्याएवढा कंद,
माती अजून लागलेली.

मग इहाका.
चाळीस वर्षं लोकर कातरली,
पाठ वाकली ती वाकलीच,
डावा कान यंत्रांच्या घरघरीने नेला.
त्याचा कुत्रा हंटअवे,
ज्यांचं कामच मुळी भुंकणं:
डोंगराच्या या अंगाला भुंकावं,
त्या अंगाच्या मेंढ्या हलाव्यात.
हा कधी भुंकलाच नाही.
तीन शेतांवरून परत आला.
शेवटचा मालक म्हणाला, घेऊन जा, नाहीतर...
आणि वाक्य तिथेच सोडलं.
नाव रुरू. माओरीत घुबड.
घुबडसुद्धा बोलतं, असं नोएलीन म्हणते.

चाळीस सेकंदांत त्यांनी फारसं काही केलं नाही.
एक उडी. परत तीच उडी.
दोघांना ती आवडली असावी.
मी शिट्टी वाजवली.
इहाका दोरीशी आला, बुटांची टोकं जुळवून उभा राहिला,
हात लांब केला,
जणू टेबलापलीकडून मीठ मागतोय.
रुरूने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा अंधाराकडे.
गेला.
उडी. उडी. बोगद्यात काळं शेपूट शिरलं,
आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून
काहीच बाहेर आलं नाही.

आठ. नऊ. दहा.
कुणीतरी चहाचा पेला खाली ठेवला.
‘हाक मार,’ लॅक्लन म्हणाला, नेमका डाव्या बाजूने.
बारा. तेरा.
इहाकाच्या बुटांखालचं गवत तेवढं हललं.
पंधराला मी भोंगा दिला.

भोंग्यानंतर दोरी म्हणजे नुसती सुतळी.
तो ओलांडून गेला, घाई न करता,
गुडघ्यांवर बसला, मग हातांवर,
मग डोकं, खांदे, ती वाकलेली पाठ
पिवळ्या कापडात शिरली.
बाहेर उरले दोन बुटांचे तळवे, चिखलाचे.
आत काय बोलणं झालं ते वहीत नाही.

मग बोगदा भुंकला.
एकदाच. खोल विहिरीत दगड पडावा तसा.
आवाज लाकडाच्या वखारीवर आपटून परत आला,
गाडीत माझ्या कुत्रीने डोळे उघडले,
आणि रस्त्यापलीकडे, काळोखात,
कुणाच्या तरी मेंढ्या
सगळ्या मिळून चार पावलं सरकल्या.

लॅक्लनने टोपी काढली, का ते त्यालाच ठाऊक.
नोएलीन गप्प होती.
वहीत असल्या गोष्टींना रकाना नाही.
मी लिहिलं: शून्य.

इहाका उलटा उलटा बाहेर आला,
त्याच्यामागून रुरू, जांभई देत.
उठवायला दोघं लागले.
उजव्या कानात बोट फिरवत
‘आता हाही गेला,’ तो म्हणाला,
इतक्या मोठ्याने, इतक्या खुशीत,
की मी खिशात खोडरबर चाचपला.
नव्हता.