साठ अँपियरचं घर

सकाळी आठला वीजकंपनीचा माणूस खांबावर चढला,
तार सोडवून खाली आला, सही घेतली, गेला.
वर फ्रिज एकदा थरथरून गप्प झाला.
आता चारपर्यंत हे घर माझ्या ताब्यात.

सडबरीतली तळघरं सगळी सारखीच :
खडकाला टेकलेली, ओल्या लोकरीचा वास,
कोपऱ्यात मोडकी बर्फगाडी.
वेइको साल्मेला टॉर्च धरून उभा,
वय सदुसष्ट, हात अजून स्थिर.
त्याची बहीण केर्तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
कॉफीचा थर्मास मांडीत घेऊन,
नाटकाला आल्यासारखी.

जुनी पेटी काळ्या पत्र्याची, साठ अँपियरची.
घरात चार दिवे, एक रेडिओ, शनिवारी इस्त्री,
त्या काळचा हिशोब.
आता याला मोटार चार्ज करायची आहे,
भट्टी काढून हीट पंप बसवायचा आहे.
मी दोनशेचं पॅनेल आणलंय, चाळीस खणांचं.

एकेक फ्यूज पिळून काढत गेले.
काचेच्या डोळ्यामागे जस्ताची एवढीशी जीभ.
भार वाढला की तिनं वितळायचं,
एवढीच तिची नोकरी.
घरातल्या कुणीतरी आधी जळायचं,
म्हणजे घर जळत नाही.

चौथ्याच्या मागून नाणं निघालं.
तांब्याचं. एक सेंट. एकोणीसशे छप्पन.
कड भाजून निळी झालेली.

मी शिवी दिली.
आमच्या फ्रेंचमध्ये शिव्या चर्चमधूनच येतात,
ही त्यातली मोठी होती.
म्हटलं, नाणं वितळत नाही हो!
आधी तार लाल होते, मग भिंतीतलं लाकूड.
साठ-पासष्ट वर्षं तुम्ही यावर झोपलात.
कुठल्या गाढवानं...

"आमच्या बाबांनी," केर्तू म्हणाली.

थर्मासचं झाकण तिनं फिरवून घट्ट केलं.
"फेब्रुवारी होता. बाहेर उणे अडतीस, रस्ता बंद.
हा दोन महिने आधीच आलेला,
पावाएवढा.
चमच्यांचा खण रिकामा करून त्यात ठेवला,
वर दोन दिवे, बाजूला विजेची शेगडी.
फ्यूज उडाला. दुसरा लावला. उडाला.
तिसरा घरात नव्हता.
बाबांनी खिसा चाचपला.

मग रात्रभर ते इथं बसून होते,
शेजारी वाळूची बादली,
तळहात भिंतीवर.
पोराचा ताप बघतात ना, तसा
भिंतीचा बघत.
मी सात वर्षांची. याच पायरीवर."

पोर अंगानं भरलं, चमचे खणात परतले,
नाणं तेवढं राहून गेलं.
"खाणीतली माणसं," ती म्हणाली,
"जे टेकू धरून उभं आहे
त्याला पुन्हा हात लावत नाहीत."

टॉर्चचा उजेड छताकडे गेला, परत आला.
"मला कधी सांगितलं नाहीस."
"तू कधी पेटी उघडली नाहीस."

मी पुढं काही बोलले नाही. काम होतं.
तारा सोलल्या, आवळल्या, जमिनीत सळई ठोकली,
खडक लागला, पुन्हा दुसरीकडे ठोकली.
दुपारी केर्तूनं राईच्या पावावर मासा दिला.
वेइकोच्या मुठीत नाणं होतं,
डाव्या हातानंच जेवला.
आता ते चलनातही नाही.
दुकानात द्यायला गेलं तर पोरं हसतील.

चारला वीज आली. एकेक ब्रेकर वर केला,
हा वेइकोनं ओरडून सांगायचं काय पेटलं ते.
स्वयंपाकघर. न्हाणी. सौना. मोटार.
चौदावा वर केला. वरून आवाज नाही.
खाली केला, वर केला. काहीच नाही.
शेवटी खण बाहेर ओढून आत हात घातला त्यानं :
रंगाच्या चार थरांखाली एक सॉकेट.

तिथं पंधराचा नवा ब्रेकर आहे आता.
हा वितळत नाही. नुसता पडतो,
बोटानं उठवता येतो.

दाराच्या आतल्या यादीत चौदासमोर काय लिहू, मी विचारलं.
वेइको म्हणाला, रिकामं ठेव.
केर्तू पायरीवरूनच म्हणाली,
"चमचे."

पेनानं लिहिलंय.
इन्स्पेक्टर विचारेल मंगळवारी.
विचारू दे.