आवक टेबल

लॅमिंग्टन रोडवर मुर्तझाच्या दुकानात
काचेखाली मांडलेत ते,
मोडक्या फुटपट्टीच्या तुकड्याएवढे,
एका टोकाला सोनेरी दात.
"अंकल, सात हजार का स्पीड है.
कॅश के लिए यही लो, आँख बंद करके."

मी डोळे मिटत नाही.
एकतीस वर्षं वॉर्ड ऑफिसात आवक टेबलावर काढली,
डोळे मिटून सही करणारे पुष्कळ पाहिले.

कॅश म्हणजे काय, ते जावई समजावू लागला
तेव्हा दुसऱ्याच वाक्याला मी त्याला थांबवलं.
म्हटलं, श्रीरंग, हे आवक टेबल.
लोक येतात, कागद देतात, पोच घेतात, जातात.
त्यांना वाटतं, जमा झालं.
कागद अजून टेबलावरच असतो.
रेकॉर्ड रूम खाली तळघरात,
तिथला शिपाई दिवसातून एकदा वर येणार,
गठ्ठा बांधणार, तंबाखू मळणार, मग नेणार.
ते तळघर आता माझ्या कपाटात आहे,
इस्त्रीच्या कपड्यांखाली,
चार फिरत्या डिस्क, घरघरणाऱ्या.

सात हजारांचा वेग घेऊन करू काय?
घरातली वायर एक गिगाबिटची.
टेबलामागे हजार हात
आणि दारातून एका वेळी एकच माणूस.

मी विचारतो ते निराळं:
किती लिहिलं की हा थकतो?
मुर्तझा खोका उलटा करतो, चष्मा कपाळावर सरकवतो.
"छे सौ टेराबाइट. आपकी जिंदगी में नहीं होगा."
माझी जिंदगी. बरं.
नातीचे व्हिडिओ, प्रमिलाच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग,
स्कॅन केलेली सगळी बिलं, अगदी पंख्याचंसुद्धा.
सोसायटीचा सीसीटीव्ही मात्र नाही,
जो सेक्रेटरी पडवळ माझ्याच डब्यात कोंबायला बघतात.
रात्रंदिवस रिकामा जिना लिहून लिहून
कुणाचंही मनगट जाईल.
माझं गेलं होतं, अठ्ठ्याण्णव साली,
उजवं, शिक्के मारून.

आणि लिहिता लिहिता वीज गेली तर?
आता तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतो.
"वो वाला अलग आता है. कपॅसिटर रहता है उसमें."
म्हणजे दिवे गेले तरी हातातलं वाक्य पुरं करून
मगच पेन ठेवणारा.
आमच्याकडे असा एकच होता, गव्हाणकर.
किंमत ऐकतो. पेन्शनीत बसत नाही.
गव्हाणकरही परवडला नव्हता कुणाला.

एका शनिवारी वरच्या मजल्यावरचा नळ
कुणीतरी उघडा टाकून गेलं.
सोमवारी टेबलावर लगदा.
बेचाळीस अर्ज, पोच दिलेले, रजिस्टरात न चढलेले.
तळघर कोरडं ठाक.
त्यात एक अर्ज यशोदा खरटमलांचा,
मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यात
नावातली वेलांटी चुकली होती, तेवढीच.
महिन्याने त्या पोच घेऊन आल्या.
माझाच शिक्का, माझीच सही.
म्हटलं, बाई, कागद नाहीये.
त्या म्हणाल्या,
पण तुम्ही घेतला होता ना.

"दोन द्या," मी सांगतो.
साधे, पाचशेचे. एक लिहील ते
दुसराही लिहील, त्याच क्षणी.
आणि एकाच कंपनीचे नकोत,
एका दिवशी जन्मलेले एकाच दिवशी जातात कधी कधी.
बॅटरी आहे घरी, दहा मिनिटं तग धरते.
"दो? अंकल, कॅश तो टेम्परवारी होता है."
हो ना. म्हणूनच.

रात्री तीनची वेळ लावली आहे मी.
तेव्हा दिवसभराचं सगळं खाली उतरतं.
श्रीरंग म्हणतो, बाबा, ते आपोआप होतं, तुम्ही झोपा.
मी पाणी प्यायला उठलेला असतो.
कपाटात घरघर सुरू होते, थांबते,
मोबाइलवर एका ओळीचा निरोप:
एकशे बेचाळीस फायली हलवल्या.
मी मोजत बसत नाही.

मोजतो.