एप्रिलमधलं दार

सायमा सरोवरावरचा बर्फ तडकला, आणि त्याच दिवशी
आउनेच्या अंगणाने तिचा डावा बूट गिळला.
ती एका पायावर उभी, मोजा हातात.
शिवी हासडावी, तर ऐकायला कोण?
क्रौंचही परतले नाहीत अजून.

घर ते वर्कशॉप, बावीस पावलं.
त्यावर तिने हिवाळाभराचा भुसा ओतला,
बर्चच्या ढलप्या,
मग वेइक्कोने करून घेतलेली, कधीच न नेलेली
कपाटाची दारं.
चिखलाने सगळं खाल्लं, ढेकरही दिला नाही.

जमीन फुगलीय. चौकट तिरकी.
दार खांद्याने ढकलावं लागतं.
रंधा हाताशीच आहे,
पण ती दाराला लावत नाही.

जूनमध्ये जमीन बसेल खाली,
आणि तासलेल्या फटीतून
पुढचा अख्खा हिवाळा
आत येत राहील.