यमुताईंचा तंबोरा आणि माझी तार

माहीमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला बांबू बांधून
मी तार चढवली. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर,
टोकं कठड्याच्या कोपऱ्यांना, मध्ये नायलॉनची दोरी
आणि प्लंबरनं टाकून दिलेले पीव्हीसीचे तुकडे.
सेक्रेटरी आयरेंनी परवानगी दिली ती तोंडीच :
कावळ्यांनी तार नेली घरट्याला, तर तक्रार ऐकणार नाही.

मधोमध काळी केबल सरळ जोडून टाकली,
आतली तार डाव्या पायाला, जाळी उजव्या.
केबल चार मजले उतरून पहिल्यावर, माझ्या टेबलाशी.
साधा हिशोब वाटला तेव्हा.

काटा दोन पॉइंट सहावर.
पाच वॉट चढवावेत, एक परत यावा.
वरळीच्या भिंतीवर आपटून मागे फिरलेली लाट पाहिलीय?
येणारीला भिडते, आणि दोघी एकाच जागी
वरखाली होत राहतात, कुठेच न जाता.
आमच्या रेतीवर तसं नाही. रेती उतरती असते.
लाट संपली कुठे ते सांगता येत नाही.

मला तशी रेती हवी होती.
तीन रविवार चार-चार बोटं तार कापत गेलो.
काटा एक पॉइंट दोन.
स्वतःच चहा केला, स्वतःलाच शाबासकी दिली,
आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून निरोप :
यमुताई चुरींच्या तंबोऱ्यातून कुणीतरी बोलतंय.

डब्याएवढा, विजेवरचा तंबोरा तो.
लाकडी जोडी खोळीत उभी; खुंट्या पिळायला
बोटं आता ऐकत नाहीत त्यांची.
"शब्द नाहीत हो," त्या म्हणाल्या. "पाण्यात तोंड बुडवून
बोलल्यासारखं. नेमकं पंचम आणि सा यांच्या मध्ये शिरतं."

काटा जुळला होता, तोल नव्हता.
तारेचे पाय समसमान, एक देतो तेवढं दुसरा घेतो.
केबलचं तसं नाही. जाळीला दोन अंगं असतात :
आतलं कामाचं, आणि बाहेरचं,
ज्याच्यावरून उरलंसुरलं माझं बोलणं
भिंतीला धरून खाली सरकत होतं,
यमुताईंच्या खिडकीच्या गजाला लागून.

लॅमिंग्टन रोडला फेराइटचं कडं मिळालं,
करडं, बांगडीहून थोडं मोठं, पडलं तर फुटेल असं.
त्यावर बारीक केबलचे अकरा वेढे,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलं, कडेनं एम-सील.
आयरेंना सांगितलं, वर बॅलन लावतोय.
त्यांना फुगा ऐकू आला. कुणाचा वाढदिवस, म्हणाले.

तंबोरा स्वच्छ झाला.

आठवड्यानं जिन्यात यमुताई, कठडा धरून :
"हल्ली बोलत नाही तुम्ही?"
बोलतो की. रोज.
"तीनदा हाक मारायचात कुणाला तरी, मग थांबायचात.
मीही थांबायची तिथे. गाणं अर्ध्यात ठेवून.
पलीकडचा काय म्हणाला, ते कधी कळलंच नाही."

मला काय बोलावं सुचेना.
खाली आणलं त्यांना, स्टुलावर बसवलं, रेडिओ लावला.
भिलाईचे कुणी गृहस्थ होते, आवाज चिरका,
बदकानं गणित शिकवावं तसा.
यमुताईंनी डोळे मिटले. "चढलाय. उतरवा."
मी बटण फिरवलं. "अजून." फिरवलं.
"हं... आता केसभर."

आणि त्या खरखरीतून एक माणूस बाहेर आला,
खोकला, म्हणाला, इकडे वीज गेलीय,
बॅटरीवर बोलतोय, ऐकू येतंय का नीट?

परवाना माझा, म्हणून माइक माझ्या हातात.
मी बटण दाबायच्या आधीच
यमुताई मान हलवून हो म्हणाल्या.