घटीचा रकाना

जाहिरात मीच टाइप केली होती.
'अंतर्गत भरती. पद एक. व्यवस्थापक, बर्फ कारखाना.'
खळ मी लावली, फळ्यावर मीच डकवली,
एक कोपरा सुटत होता, तो अंगठ्याने
जरा जास्तच वेळ दाबून धरला.

एकोणीस वर्षं झाली या खुर्चीत.
हर्णैच्या बंदरात कुठली होडी किती लाद्या नेते,
कुणाची उधारी नारळी पुनवेला फिटते, कुणाची नाही,
कॉम्प्रेसर कधी नुसता कण्हतो
आणि कधी त्याला खरंच दुखतंय,
हे मला वही न उघडता कळतं.
अमोनियाचा वास माझ्या साड्यांना आहे.
लग्नात शेजारी बसलेल्या बायका नाकाला पदर लावतात,
मग म्हणतात, अगो, तू होय.

मुलाखतीला रत्नागिरीहून साहेब आले.
विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
मी खिडकीतून बघितलं.
जेट्टी होती. टेम्पो मागे मागे येत होता.
एक बाई पालथ्या टोपलीवर बसून भाकरी खात होती.
म्हटलं, इथंच.
साहेबांनी काहीतरी लिहिलं. थोडंसंच.

मुरुडकरांच्या दुकानात अर्धा किलो पेढे
सांगून ठेवले होते, कशाचे ते न सांगता.

गुरुवारी चेअरमननी आत बोलावलं. चहा मागवला.
चहा मागवला तेव्हाच कळलं.
"चोगलेबाई, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."
पंखा जोरात होता,
टेबलावरचे सगळेच कागद हलत होते.
"म्हणून तर तुम्हाला हलवणं परवडत नाही.
काट्यावर असं माणूस कुठून आणू?"
मी म्हटलं, बरोबर आहे.
का म्हटलं कोण जाणे.
बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

नेमणुकीचं पत्रही मीच टाइप केलं.
श्री. सुहृद पावसे.
आमच्या कॉम्प्युटरवर 'हृ' नीट उमटत नाही, फुटतो.
तीनदा पुसला. चौथ्यांदा जमला.
तसाच फुटका जाऊ दिला असता तरी चाललं असतं.

मुलगा वाईट नाही.
वाईट असता तर सोपं गेलं असतं.
लाद्या मोजायला त्याला मीच शिकवलं,
तेव्हा गारठ्याने शिंकत असायचा.
पेढे घेऊन आला, वाकून पाया पडला.
खोका मुरुडकरांकडचा, अर्धा किलोचा.
माझाच असेल, नको म्हणून कळवलेला.
एक घेतला. साखर जरा जास्त होती.

लिलावातून जुलेखाबी ओरडली,
"काय गो, झालीस मॅनेजर?"
"नाय गो. काट्याला मीच लागते."
"मग काट्याचा पगार वाढवला?"
दोघी हसलो.
हसता हसता तिने एका सुरमईचे कल्ले उचकटून बघितले
आणि ती बाजूला टाकली.

शनिवारी रात्री फोन.
"मॅडम, टाकी तापतेय. बायपास कुठला?
डावीकडून कितवा?"
मागे होडीवाल्यांचा आरडाओरडा.
मला तो व्हॉल्व्ह समोर दिसत होता,
लाल रंग उडालेला,
माझ्या जुन्या साडीची चिंधी बांधलेला.
मी मनात दहा आकडे मोजले.
सावकाश.
घरात समुद्र ऐकू येत होता.
मग सांगितलं.

सोमवारी वही उघडली.
आमच्या वहीत एक रकाना असतो, घटीचा.
कारखान्यातून निघालेली लादी
होडीत चढेपर्यंत जेवढी विरघळते
तेवढी त्यात मांडायची.
कुणाला विचारायचं नाही, कुणाला दोष नाही.
शंभरामागे पाच धरतात.
उन्हात सात.

तारीख घातली.
होडी 'जलपूजा'. लाद्या चाळीस.
घट.
तिथे पेन अडलं. शाई होती.
बाहेरून कुणीतरी हाक मारली,
बाई, काटा!